अभ्यासलेख : वजनावर कर लावावा का?

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या पंधरवड्यात आपल्या बऱ्याच कुटुंब-गटांवर एक फॉरवर्ड फिरला. त्यात एवढंच विचारलं होतं : "जाड माणसं जास्त आजारी पडतात, सरकारी इस्पितळाचा खर्च वाढवतात. मग त्यांच्याकडून जादा कर घ्यायला नको का?" खाली कुणी हाताचा अंगठा ठेवला, कुणी हसण्याचं चिन्ह, कुणी लिहिलं "एकदम बरोबर". दोघा-तिघांनी रागाने उत्तर दिलं आणि विषय तिथंच थांबला.

आम्हांला वाटलं, हा प्रश्न हसून सोडण्यासारखा नाही. यात आपला पैसा आहे, आपलं इस्पितळ आहे आणि आपल्याच घरातली माणसं आहेत. म्हणून यंदाच्या अभ्यासाला हाच विषय घेतला. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे आधी समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेऊ, मग तपासू आणि शेवटी आपण काय करायचं ते पाहू.

*१. कर मागणाऱ्यांचं म्हणणं*

त्यांचं म्हणणं उगाच नाही. गोव्याची स्थिती खरोखर काळजीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत आपला नंबर पहिला. म्हणजे सत्संगाला चाळीस मोठी माणसं बसली असतील तर त्यांतल्या दहाजणांच्या रक्तात साखर वाढलेली असणार, असा हा हिशेब.

वजनाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये साधारण चौघींतल्या एकीचं वजन प्रमाणाबाहेर होतं. गोव्यात हेच प्रमाण तिघींमागे एकीहून जास्त.

वजन वाढलं की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी यांची शक्यता वाढते, याबद्दल डॉक्टरांमध्ये दुमत नाही. पुढे मूत्रपिंडं गेली तर आठवड्याला दोन-तीन डायलिसिस. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गाडीची सोय करायची, सोबत एक माणूस द्यायचा, त्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

हा खर्च कोण करतं? आपण सगळेच. म्हणून कुणी म्हणालं की "मी रोज पाच किलोमीटर चालतो, तोंडावर ताबा ठेवतो, मग दुसऱ्याच्या खाण्याचा भार माझ्यावर का?", तर त्याला वेड्यात काढू नये. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र शोधावं लागतं.

*२. आज आपण पैसे कसे भरतो?*

आपल्या बहुतेक घरांत दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. २०१६ साली ही योजना आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांचं. आपल्याकडून घेतात ते दोनशे किंवा तीनशे रुपये, बाकीचं सरकार भरतं.

आता ते कार्ड हातात घेऊन बघा. त्यावर कुटुंबातली माणसं मोजली आहेत, त्यांची वजनं नाहीत. बिडी ओढणारा आणि न ओढणारा, रोज पोहणारा आणि दिवसभर दुकानात बसणारा, सगळे त्या एकाच कार्डात. हे चुकून झालेलं नाही. आज कोण आजारी पडेल हे कुणाला माहीत नाही, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने उचलायचं, हाच अशा योजनेचा पाया. आपल्या वाड्यावर कुणाच्या घरी मयत झालं तर शेजारी काय करतात? कुणी पेज नेऊन देतं, कुणी चहा करतं. त्या वेळी "याच्या चुकीमुळे झालं का?" असं कुणी विचारत नाही.

इथं कुणी म्हणेल, खाजगी विमा कंपन्या तर वजन जास्त असेल तर जादा हप्ता लावतात. खरं आहे. पण कंपनीचं काम जोखीम मोजून धंदा करणं हे आहे. तिला परवडलं नाही तर ती माणसाला विमा नाकारूही शकते. सरकारी इस्पितळाला कुणाला नाकारता येत नाही, आणि येऊही नये. कंपनीने नाकारलेला माणूस शेवटी बांबोळीलाच जातो ना?

आणखी एक गोष्ट. जास्त वजनाची माणसं आजही कर भरतातच. साबणावर, कपड्यांवर, गाडीवर, पेट्रोलवर. त्यांच्याकडून मागितला जातो तो दुसऱ्यांदा, आणि तो फक्त शरीरावर.

*३. वजनकाटा काय सांगतो, काय सांगत नाही*

समजा असा कर लावायचा ठरला. तो कुणाला लावणार? त्यासाठी रेषा आखावी लागेल. हल्ली बीएमआय काढतात, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. पाच फूट दोन इंच उंचीची बाई घेऊ. भारतीय डॉक्टर २५ च्या वर बीएमआय गेला की लठ्ठपणा मानतात, म्हणजे या बाईचं वजन ६२ किलोच्या वर गेलं की झालं. जागतिक आरोग्य संघटनेची लठ्ठपणाची रेषा ३० ची आहे, त्या हिशेबाने तिला ७४ किलोपर्यंत मोकळीक. आता ६८ किलोची बाई कराच्या आत की बाहेर? एका पुस्तकात आत, दुसऱ्या पुस्तकात बाहेर.

आणि ही रेषा आरोग्य तरी सांगते का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांचं आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली, म्हणजे दुपटीहून जास्त. आपल्या लोकांची हीच गंमत आहे. हातपाय काडीसारखे, पोटात मात्र चरबी. वजनाचा कर आला असता तर हे दोघेही त्यातून सुटले असते.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः वजनाला कमी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, असं त्यांना दिसलं. आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही त्याचा परिणाम पुढे मोठेपणी साखरेच्या रूपात दिसू शकतो. आपल्या आज्या-पणज्यांनी रोपणीच्या दिवसांत किती वेळा नुसत्या पेजेवर दिवस काढला, ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. त्या उपासाचा कर नातवंडांकडून घ्यायचा का?

हे सगळं आजचं शास्त्र सांगतं म्हणून मान्य करायचं असंही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं सविस्तर वर्णन आहे. तिथं कारणांमध्ये जास्त खाणं, गोड-स्निग्ध खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं हे तर सांगितलंच आहे. पण त्याच यादीत 'बीजस्वभाव' हेही आहे, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं की सगळंच माणसाच्या हातात नसतं. त्याच अध्यायात अतिकृश माणसाचाही विचार केला आहे. म्हणजे प्रमाण सुटणं दोन्ही बाजूंनी वाईट.

यात आणखी भर घाला. थायरॉइड, पीसीओडी, पाळी जाण्याचं वय, दम्यावर किंवा सांध्यांवर दिलेली स्टेरॉइडची औषधं, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. डायलिसिसच्या माणसाचं वजन अंगात पाणी साठून दोन दिवसांत दोन किलो वाढतं. त्याला काट्यावर उभा करून काय कळणार?

*४. खर्चाचा हिशेब दिसतो तेवढा सरळ नाही*

२००८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक हिशेब मांडला. लठ्ठ माणसं, धूम्रपान करणारी माणसं आणि निरोगी माणसं, यांच्या आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च त्यांनी काढला. पन्नाशीच्या मध्यापर्यंत लठ्ठ माणसांचा दरवर्षीचा खर्च जास्त निघाला. पण पूर्ण आयुष्याची बेरीज केली तेव्हा निरोगी माणसांचा खर्च सगळ्यांत जास्त. कारण सोपं आहे. ती जास्त जगतात, आणि म्हातारपणाचे आजार, सेवा-शुश्रूषा यांना पैसा लागतोच.

याचा अर्थ आजारी राहिलेलं बरं, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की "कुणामुळे किती खर्च" हा हिशेब एकदा सुरू केला तर तो आपल्याला हवा तिथं थांबत नाही. मग हेल्मेट न घालणाऱ्याला वेगळा कर, दारू पिणाऱ्याला वेगळा, उशिरा लग्न करणाऱ्याला वेगळा, आणि नव्वदी गाठलेल्या आजोबांना सगळ्यांत मोठा!

सरकारी इस्पितळात कुणी जास्त पैसे भरायचे हा वाद आपल्याकडे एकदा झालेला आहे. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून गोमेकॉत शुल्क घ्यायला सुरुवात झाली. गोव्याच्या बाजूने म्हणणं होतं की खाटा आपल्या, कर आपला, आणि गर्दी मात्र बाहेरची. पलीकडे दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, कारण त्यांना जवळचं मोठं इस्पितळ बांबोळीचंच. पेडण्यातल्या आपल्या कितीतरी घरांची सोयरीक सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ल्यात आहे. त्यामुळे तेव्हा एकाच घरात दोन मतं होती. त्या वादात कोण बरोबर यात आज शिरत नाही. लक्षात घेण्यासारखं एवढंच की तेव्हा रेषा सीमेवर आखली होती, पत्ता बघून ती ठरत होती. वजनाची रेषा आखली तर ती आपल्या माजघरातून जाईल. एकाच ताटाला बसणाऱ्या दोन जावांत एक कराच्या अलीकडे, एक पलीकडे.

*५. जगात काय काय करून पाहिलं*

जपानने २००८ साली एक कायदा आणला. ४० ते ७४ वयाच्या लोकांची दरवर्षी कंबर मोजायची, पुरुषांना ८५ सेंटिमीटर आणि बायकांना ९० ही मर्यादा. पुष्कळांना वाटतं की तिथं जाड माणसाला दंड होतो. तसं नाही. ज्याची कंबर जास्त भरते आणि सोबत साखर, रक्तदाब असं काही असतं, त्याला सल्ला आणि मार्गदर्शन मिळतं. पैशाचा दबाव येतो तो विमा चालवणाऱ्या संस्थांवर, त्या माणसावर नाही.

डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये चरबीयुक्त पदार्थांवर कर लावला. लोक जर्मनी आणि स्वीडनमध्ये जाऊन लोणी आणू लागले, आणि २०१३ च्या सुरुवातीला कर काढून टाकला. हे समजायला आपल्याला कठीण नाही. पेट्रोल स्वस्त म्हणून पत्रादेवीच्या अलीकडे येऊन टाकी भरणाऱ्या गाड्या आपण बघतोच.

आपल्या देशात केरळने जुलै २०१६ च्या अर्थसंकल्पात ब्रँडेड दुकानांतल्या बर्गर, पिझ्झा अशा पदार्थांवर १४.५ टक्के कर लावला. त्याला लोकांनी 'फॅट टॅक्स' नाव दिलं. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला. त्याचा परिणाम कळायला वेळच मिळाला नाही.

मेक्सिकोचा अनुभव मात्र उपयोगी आहे. तिथं २०१४ साली गोड शीतपेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी उतरली, गरीब घरांत त्याहून जास्त. इंग्लंडने एप्रिल २०१८ मध्ये आणखी हुशारी केली. पेयात साखर जितकी जास्त तितका कर जास्त. मग कंपन्यांनीच साखर कमी केली. लोकांना उपदेश करावा लागला नाही, बाटलीच बदलली.

या सगळ्यांत एक गोष्ट दिसते. यांतल्या कुणीही माणसाच्या शरीरावर कर लावलेला नाही. जो लावला तो वस्तूवर.

*६. मग कर कशावर असावा?*

आमच्या अभ्यासातून निघालेला मुद्दा हा. कर अशा गोष्टीवर असावा जी माणूस आज सोडू शकतो. दुकानात उभा असलेला माणूस बाटली परत फ्रिजमध्ये ठेवू शकतो, त्याच क्षणी त्याचा कर वाचतो. अंगावरचे वीस किलो तो आज दुकानाबाहेर काढून ठेवू शकत नाही. मनापासून ठरवलं तरी महिने लागतात, वर्षं लागतात, आणि पुष्कळदा उतरलेलं वजन परत चढतं. जे टाळता येत नाही त्यावरचा कर हा शिक्षा होतो. गोव्यात दारूवर अबकारी कर आहे, तो बाटलीवर. पिणाऱ्याचं यकृत तपासून कुणी कर ठरवत नाही.

आपल्याकडे शीतपेयांवर कर आहेच, आणि तो मोठा आहे. पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. पण त्यात एक खोट आहे. साखर भरपूर असो की मुळीच नसो, टक्का तोच. मग कंपनीने साखर कमी का करावी? दुसरीकडे त्याच दिवसापासून बिस्किटं आणि चॉकलेटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर. घरखर्च चालवणाऱ्या बायकांना स्वस्ताई बरी वाटते, ते खरं. पण फरसाणाचं पाकीट आणि रोज लागणारी औषधं एकाच ५ टक्क्यांच्या रांगेत उभी आहेत, हे आपल्याला ठाऊक असावं.

आणि पैसा गोळा झाल्यावर तो जातो कुठं, हेही विचारायला हवं. तुयेच्या नव्या इस्पितळाची इमारत उभी राहिली, ते पूर्ण चालावं, गोमेकॉशी जोडलं जावं, ही पेडणेकरांची मागणी आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. हरमल-केरीच्या माणसाला रात्री छातीत दुखलं तर म्हापसा किंवा बांबोळी किती लांब, हे आपल्याला माहीत आहे. साखरेवरच्या करातून आलेला पैसा जवळच्या इस्पितळात, आहारतज्ज्ञावर, शाळेच्या मैदानावर, गावात चालायला बऱ्या वाटेवर खर्च झाला, तर तो कर भरताना कुणाला दुखणार नाही.

*७. घरातला 'कर'*

सरकार वजनावर कर लावत नाही. पण आपण लावतो. तो पैशांत नसतो, बोलण्यात असतो.

त्या फॉरवर्डखाली एका गटात कुणीतरी घरच्याच एका काकींचा चवथीतला फोटो टाकला आणि हसण्याची चिन्हं ठेवली. काकी काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन गुरुवारी त्या आरतीला आल्या नाहीत. सेवेतल्या आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळलं की त्यांनी साखरेची तपासणीही चुकवली होती. म्हणाल्या, "बाय, तिथं सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं आणि आकडा मोठ्याने सांगणार. आता नको वाटतं." बऱ्याच वेळाने त्या यायला तयार झाल्या, त्याही आम्ही सोबत येतो म्हटल्यावर.

यातून काय घडलं ते पाहा. हसणाऱ्याला वाटलं गंमत केली. प्रत्यक्षात एका मधुमेही बाईची तपासणी राहिली. अशा चुकलेल्या तपासण्यांतूनच पुढे पायाची जखम, डोळ्यांचा त्रास, डायलिसिस, आणि इस्पितळाचा तो वाढता खर्च उभा राहतो, ज्याची तक्रार फॉरवर्डमध्ये होती. लाजवलेली माणसं डॉक्टरकडे जायचं टाळतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. वजनाचा कर आला तर हेच सगळीकडे होईल. काट्यापासून लोक पळतील.

याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहाराचा विचार आहे, तो आपण दरवर्षी वाचतो. देह साधनेचं साधन आहे, त्याची काळजी घेणं हीसुद्धा सेवा. पण हा विचार स्वतःला लावायचा असतो, दुसऱ्याला टोचायला नाही. आणि घराची गोष्ट असेल तर तो स्वयंपाकघरापासून लागतो. एका माणसाला "तू कमी खा" सांगून बाकीच्यांच्या ताटात भजी वाढली तर तो उपदेश टिकत नाही. सगळ्यांचं ताट बदललं तर एकटं पडल्यासारखं कुणाला वाटत नाही.

आपल्या पेडण्याच्या जेवणात वाईट काही नव्हतं. उकड्या तांदळाची पेज, शीत-कडी, नाचण्याची भाकरी, अळसांदे, कुळीथ, परसातली लाल भाजी, थोडं नुस्तं. सोबत शेतातलं काम आणि विहिरीचं पाणी. आता काम बसून झालं, पाणी नळाला आलं, मोपाच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या पाळ्यांमुळे जेवणाच्या वेळा गेल्या, आणि दोन जेवणांच्या मध्ये पाकीट आलं. ताट तेवढंच राहिलं, आजूबाजूचं वाढलं. यात दोष एकाच माणसाचा काढता येत नाही, म्हणून सुधारणाही सगळ्यांनी मिळून करायची.

*८. या महिन्याचा उपक्रम*

🙏 प्रत्येक कुटुंब-गटाने यातलं जमेल तेवढं करावं :

१) तेलाचा हिशेब ठेवा. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरहून जास्त तेल लागू नये. चार माणसांचं घर असेल तर दोन लिटर बाजूला काढा आणि महिनाअखेर बघा.

२) घरात गोड शीतपेयाची बाटली आणायची नाही. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण सहा-सात चमचे साखर असते. पाहुण्यांना सोलकढी, ताक, कोकम किंवा शहाळं द्या.

३) सत्संगाच्या प्रसादात महिन्यातून दोनदा तरी तळलेलं आणि मैद्याचं नको. उकडलेले चणे, फळं, नाचण्याचं सत्त्व चालेल. सणाच्या दिवशी नेवरी खावी, आनंदाने खावी, दुसऱ्या दिवशी डबा भरून उरवू नये.

४) तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. बारीक माणसांनीही! याज्ञिकांचा फोटो आठवा. घरी टेपने कंबर मोजा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर डॉक्टरांना विचारा. आयुर्वेदाचा सल्ला हवा असेल तर धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आपल्याच तालुक्यात आहे. चालू असलेलं औषध मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

५) ज्यांना एकट्याने तपासणीला जायला संकोच वाटतो त्यांच्यासोबत सेवेकरी भगिनी येतील. गटप्रमुखांना सांगावं.

६) कुटुंब-गटावर कुणाच्याही शरीरावर विनोद, फोटो, टोमणा टाकायचा नाही. कुणी टाकला तर घरातल्या मोठ्यांनी त्याला वेगळं घेऊन प्रेमाने सांगावं, सगळ्यांसमोर नाही.

*चिंतनासाठी प्रश्न* (गुरुवारच्या बैठकीत बोलूया)

– आपल्या घरात सगळ्यांत जास्त साखर कुठून येते? ती कोण आणतं?

– एखाद्याच्या चुकीमुळे आजार आला असं आपल्याला वाटलं, तर त्याच्या सेवेत आपला हात आखडतो का?

– साखरेवरच्या कराचा पैसा आपल्या तालुक्यात आला, तर तो आधी कशावर खर्च व्हावा?

– जास्त वजनाच्या माणसाला खरोखर मदत झाली, असं आपण काय केलं आहे?

उत्तरं लिहून पाठवलीत तरी चालेल. तरुण मुलांनी कर आणि जीएसटीच्या मुद्द्यावर वेगळं मत असेल तर जरूर मांडावं, अभ्यास त्यानेच पुढे जातो. पुढच्या पंधरवड्यात 'म्हातारपणीची औषधं आणि घरातली वाटणी' हा विषय घेऊ.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, सेवा घडत राहो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

– अभ्यास-सेवा, तुये